साडेतीनच निघतंय

आजऱ्याकडे काजूचा कारखाना चालवणारे एक स्नेही सांगत होते, "गिअरबॉक्समध्ये तेल दहाएक लिटर. बदलायला गेलं की निघतंय साडेतीन. आणि मिस्त्री म्हणतोय, तीनदा या." त्यांना यात लबाडीचा वास येत होता. दहापैकी साडेतीन काढायचं, पैसे घ्यायचे आणि पुन्हा बोलवायचं, हा हिशेब मलाही बसेना. म्हणून त्यांच्या गाडीबरोबर मी उद्यमनगरात गेलो.

गाडी टोयोटा हायलक्स. 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, मागं मोकळा हौदा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. भारतात ही गाडी 2022 मध्ये आली. क्लचवाल्या हायलक्सचं इंजिन 420 न्यूटन-मीटरचा जोर देतं, ऑटोमॅटिकमध्ये तेच इंजिन 500 देतं. मिस्त्रींना हे आकडे पाठ आहेत. "ह्यो सगळा जोर जातोय तेलातनं," ते म्हणाले, "आणि लोक इंजिनाचं तेल बदलत्यात, ह्याचं इचारतसुदीक न्हाईत."

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फौंड्रीची राख, ऑइल इंजिनांचे सुटे भाग आणि सकाळी सातलाच सुरू होणारे ग्राइंडर. त्यातल्या एका बोळातल्या शेडमध्ये दोन खांबी लिफ्ट आहे आणि साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे मिस्त्री आहेत. मदतीला त्यांची भाची. ती कळंब्याच्या आयटीआयमधून शिकून आली आहे आणि स्कॅनर फक्त तिच्याच हातात असतो. गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगितली होती, रात्रभर गार व्हायला. कारण पुढं कळलं.

लिफ्ट वर गेली, खालचा संरक्षक पत्रा उतरला. मी वाट पाहत होतो की आता तळाचा ड्रेन नट उघडणार. मिस्त्रींनी आधी बाजूचा, वरच्या अंगाचा फिलर नट उघडला. तेल भरायची वाट तीच. हा नट कधी गंजतो, कधी आधीच्या कुणीतरी मुंडकं खाल्लेलं असतं. खालचं तेल सोडून दिलं आणि मग वरचा नट निघालाच नाही, तर कोरड्या गिअरबॉक्सची गाडी लिफ्टवर अडकून बसते. शेडमध्ये अशी एक गाडी दोन दिवस लटकलेली त्यांनी पाहिली आहे. कुणाच्या शेडमध्ये, ते सांगितलं नाही.

मग ड्रेन नट. तेल धारेनं पडलं, बारीक झालं, थेंबावर आलं. भाचीनं ट्रेमधलं तेल खुणांच्या मापात ओतलं. "मामा, साडेतीन."

"साडेतीनच निघतंय बगा," मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले.

उरलेलं कुठं असतं, हा या कामाचा खरा मामला. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये आपल्या ओळखीची क्लचप्लेट नसते, तर टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद, गोल डबा असतो. त्यात एक पंखा इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल फेकतो. समोरचा पंखा त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतो, आणि मधला तिसरा परतणाऱ्या तेलाला वळण लावून जोर वाढवतो. हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं 1905 च्या सुमारास ही युक्ती काढली ती जहाजांसाठी. वेगानं फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनचा जोर संथ फिरणाऱ्या पंख्यापर्यंत न्यायचा होता. मोटारीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सरसकट विकायला आला तो अमेरिकेत, 1940 च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांतून. तर या बंद डब्याला बहुतेक गाड्यांत ड्रेन नट नसतो. डब्यातलं, कूलरच्या नळ्यांतलं आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बोळकांड्यांतलं तेल तळाच्या चेंबरच्या नटातून बाहेर येत नाही. मिस्त्री लबाड नव्हते. गिअरबॉक्सची रचनाच तशी आहे.

माप बाजूला ठेवण्याआधी मिस्त्रींनी जे केलं, ते मी त्यानंतर दर खेपेला बघत राहिलो. दोन बोटं तेलात बुडवली, अंगठ्यावर घासली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही, नाटक काही नाही. दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "तापलंय. करपलं न्हाई अजून." मग बोटं माझ्यापुढं धरली. नवं तेल लाल असतं. हा रंग मुद्दाम घातलेला असतो, गाडीखाली डाग पडला तर इंजिनाचा की गिअरबॉक्सचा ते कळावं म्हणून. बोटांवरचं तेल काकवीच्या रंगाचं झालं होतं. वास मला जड, थोडा आंबूस वाटला. करपलेला वास कसा, ते कळावं म्हणून भाचीनं कोपऱ्यातली एक बाटली उघडली. दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं, टाकून न दिलेलं तेल. त्याचा उग्र दर्प डोक्यात गेला आणि दुपारी जेवतानाही नाकातून निघेना.

डिझेल गाडीच्या मालकांची इथं हमखास फसगत होते. डिझेल इंजिनाचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण जळणाची काजळी त्यात मिसळते. त्यामुळं काळं तेल बघायची या मालकांच्या डोळ्यांना सवय असते. गिअरबॉक्समध्ये मात्र जळण नाही, काजळी नाही. तिथलं तेल काळं झालं तर आत काहीतरी करपलं आहे. करपतात त्या क्लचच्या पट्ट्या. ऑटोमॅटिकमध्येही क्लच असतात, एकावर एक रचलेल्या चकत्यांचे, तेलात बुडालेले, आणि त्यांच्यावरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं. पाचशे न्यूटन-मीटर आणि कागद! मला हे ऐकूनच धास्ती वाटली. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नाही. तेल चांगलं आणि दाब बरोबर असेल तर हा कागद लाख-दोन लाख किलोमीटर सहज काढतो, असा त्यांचा अनुभव.

स्नेह्यांची गाडी 82 हजार किलोमीटर चालली होती, त्यातले बरेचसे आंबोली घाटातले. सावंतवाडीकडे उतरायचं, माल घेऊन वर यायचं. चढाला पुढं ट्रक लागला की गाडी रांगते. तशा वेळी कन्व्हर्टरमधले दोन पंखे एका वेगानं फिरत नाहीत, त्यांच्यातला फरक तेल घुसळतो आणि तेल तापतं. मोकळ्या रस्त्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि घुसळण थांबते. म्हणून पुण्याच्या हायवेवरचे 82 हजार आणि आंबोलीतले 82 हजार यांना मिस्त्री एक मानत नाहीत. "मीटर बघू नका. रस्ता कुठला, ते इचारा."

चेंबरचे बोल्ट सुटले. एक बाजू आधी सैल करून उरलेलं तेल ओघळू दिलं आणि मग चेंबर हातावर घेतला. तळाशी चुंबकं बसवलेली असतात. त्यांच्यावर करड्या, मऊ लगद्याचा थर होता. लोखंडाचा इतका बारीक कीस की बोटांना कण लागत नाही. हे साहजिक झिजणं. कण टोचला, चकचकीत तुकडा दिसला, तर पुढचं काम तेलाचं राहत नाही, बॉक्स उतरवण्याचं होतं. मिस्त्रींनी थर अंगठ्यानं पसरून उजेडात धरला आणि फडक्याला पुसला. भाचीनं पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढला, मालकाला दाखवायला. गाळणी बदलली, पॅकिंग नवं, बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे, अगदी हलक्या जोरानं. इथं जोर लावला की पॅकिंग चेंगरतं आणि गळती सुरू.

भरायचं तेल कोणतं, यावर मिस्त्रींचा आवाज चढतो. टोयोटाच्या या बॉक्सला डब्ल्यूएस नावाचं पातळ तेल लागतं. लाल दिसलं म्हणजे झालं, असं समजून दुसऱ्याच कुठल्या गॅरेजात पॉवर स्टिअरिंगच्या बाटलीतलं तेल भरलेली एक गाडी त्यांच्याकडं आली होती. गिअर पडताना झटका देत होती. या तेलाचं घर्षण मोजून-मापून ठेवलेलं असतं. चकत्यांनी धरायचं तर आहे, पण झटका न देता. एके काळी अमेरिकेत त्यासाठी गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं देवमाशांच्या रक्षणासाठी कायदे झाले, ते तेल बंद झालं आणि तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. मी हे सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले. "म्हंजे मासा मेला तवा गिअर पडत हुता?"

आता तो हिशेब. दहात साडेतीन बदललं, म्हणजे नवं 35 टक्के. चार-पाचशे किलोमीटर गाडी चालवून ते मिसळू द्यायचं आणि पुन्हा साडेतीन काढायचं. पण या वेळी निघणाऱ्यात थोडं नवंही जातं, त्यामुळं आतलं नवं 70 होत नाही, 58 च्या आसपास येतं. तिसऱ्या फेरीला 72. भाचीकडे प्रत्येक फेरीची एकेक छोटी बाटली असते, वर गाडीचा नंबर आणि फेरीचा आकडा. खिडकीच्या कट्ट्यावर नंतर त्या तिन्ही शेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या. पहिली तपकिरी, तिसरी उजेडात लालसर. स्नेह्यांची शंका मिटली ती माझ्या गणितानं नव्हे, त्या बाटल्यांनी.

मशीन लावून एका दमात सगळं तेल बदलता येतं. कूलरच्या नळीला जोडायचं, जुनं बाहेर, नवं आत. मोठ्या शहरांत तेच करतात आणि नीट केलं तर वाईट नाही. मिस्त्रींकडे ते यंत्र नाही, आणि माझा कलही त्यांच्याच बाजूला झुकला आहे हे लपवत नाही. तीन फेऱ्यांत बॉक्स तीनदा माणसाच्या नजरेखालून आणि नाकाखालून जातो.

सगळ्यात नाजूक काम शेवटी येतं. या बॉक्सला तेलाची पातळी बघायची पट्टीच नाही. इंजिनाला असते तशी काढली, पुसली, बघितली, ही सोय इथं दिलेली नाही. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी समतल असताना आणि तेल 35 ते 45 अंशांच्या मधे असताना. तेल तापलं की फुगतं. गारेगार तेलावर पातळी धरली तर नंतर ते जास्त होतं, उकळत्या तेलावर धरली तर कमी. भाचीनं ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरवर थोडा थांबवत फिरवला, पुन्हा पार्कवर आणला आणि स्कॅनरचा आकडा मोठ्यानं वाचू लागली. एकतीस. तेहतीस. छत्तीस. मिस्त्री खाली ओव्हरफ्लोच्या नटापाशी पाना लावून उभे. "अडतीस, मामा." नट सुटला. जाडसर धार आली, बारीक झाली, तुटक झाली आणि थेंब पडू लागले. नट बंद. धार आलीच नसती तर वरून तेल भरत राहायचं, खालून थेंब येईपर्यंत.

कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये हवाच 38 अंशांवर असते. 35 ते 45 ही खिडकी तेव्हा उघडते न उघडते तोच मिटते, आणि एकदा 45 च्या वर गेलं की गाडी बंद करून काही तास बसा. म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी आणायची, म्हणून सकाळी सात. स्कॅनर नव्हता तेव्हाही मिस्त्री हे काम करत. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखालच्या सॉकेटातल्या दोन ठरावीक पिना तारेनं जोडून लिव्हर डी आणि एनमध्ये खालीवर केला की समोरचा डीचा दिवा तापमान सांगतो. लागला की बरोबर, लुकलुकला की जास्त. ती तार अजून त्यांच्या पेटीत आहे. भाची तिला हात लावत नाही.

हे चालू असताना एक गृहस्थ दुसरी कुठलीशी पिकअप घेऊन आले. एक लाख नव्वद हजार किलोमीटर, तेल कधीच बदललेलं नाही, तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. तेल बदलून द्या म्हणाले. मिस्त्रींनी ड्रेन नटातून चमचाभर काढलं, हुंगलं आणि नाही म्हणून सांगितलं. घसरणाऱ्या क्लचना त्या गढूळ तेलातलं अस्तरच कसंबसं धरून असतं, असं गॅरेजवाले मानतात. नवं तेल घातलं आणि गाडी उभी राहिली, तर खापर तेल घालणाऱ्यावर फुटतं. मला यात सावधगिरी जास्त दिसली आणि शास्त्र कमी. पण तेल बदलल्यानं करपलेलं अस्तर परत येत नाही, एवढं तर खरं. "आदी आला असता तर," मिस्त्री म्हणाले, आणि पुढं बोलले नाहीत.

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की साध्या वापरात हे तेल बदलायची गरज नाही. त्याच पुस्तिकांत पुढं बारीक अक्षरांत असतं की ओझं, ट्रेलर, डोंगर आणि उष्णता असेल तर लवकर बदला. पिकअप घेणारा माणूस यातलं काय टाळणार? आपल्याकडे घाटाखाली माल पोचवणाऱ्या गाडीला साधा वापर माहीतच नाही. माझ्या मते ती पहिली ओळ पिकअपसाठी छापूच नये.

जुनी ऑटोमॅटिक डिझेल पिकअप विकत घेणार असाल तर इंजिनाच्या सर्व्हिसच्या पावत्यांवर भुलू नका, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची पावती वेगळी मागा. आणि स्वतःची गाडी गॅरेजात टाकाल तेव्हा किती लिटर निघालं ते मापातून बघा. तेवढंच आत गेलं पाहिजे, आणि शेवटची पातळी तेलाचं तापमान त्या बॉक्सला ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे हे स्कॅनरवर बघून धरलेली पाहिजे. तेल आणि मजुरी मिळून तीन फेऱ्यांचा जो खर्च स्नेह्यांना आला, तो बॉक्स उघडून नव्यानं बांधण्याच्या खर्चापुढं किरकोळ होता.