कुत्र्याला ऊन लागले तर?

नाशिकची मे महिन्यातली दुपार तुम्हाला ठाऊकच आहे. पारा चाळिशीला टेकतो, गोदाघाटाच्या फरशा पायाला चटके देतात. अशाच एका दुपारी आमचा मोती अंगणात आडवा पडलेला आढळला. सकाळी त्याला कडुनिंबाच्या सावलीत बांधले होते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्याबरोबर सावलीही सरकते. साखळी मात्र जागच्या जागी राहते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या हे ध्यानात राहिले नाही!

जीभ बाहेर लोंबलेली, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, उभे केले तर पाय लटपटत. ही उष्माघाताची लक्षणे. शेजारचे काका म्हणाले, "आधी तोंड बांधा, चावेल." एरवी हा सल्ला बरोबर आहे. वेदनेने कळवळणारे कुत्रे मालकालाही चावते. पण धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड कधीही बांधू नये.

का, ते पाहा. आपल्याला अंगभर घाम येतो; कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि तोही थोडाच. म्हणून ते मिनिटाला २००-३०० वेळा धापा टाकून जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करते. आपल्या माठातले पाणी गार होते तोच हा प्रकार. तोंड बांधले की माठाला तेलाचा रंग फासल्यासारखे होते.

आता थोडे गणित. २० किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान २ अंश सेल्सिअसने उतरवायचे आहे. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरली, तर सुमारे ३३,००० कॅलरी उष्णता काढावी लागेल. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५७५ कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे हिशेबाने जेमतेम ५७ ग्रॅम, अर्धा कप पाणी पुरे! प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही घेतली जाते, म्हणून पाणी जास्त लागते. पण तेच १ ग्रॅम पाणी अंगावरून ओघळताना १० अंशांनी तापले, तर केवळ १० कॅलरी नेते. म्हणूनच पाण्याइतकाच पंखाही महत्त्वाचा.

मी घाईत ओला जाड टॉवेल मोतीवर पांघरला. काही मिनिटांत तो कोमट झाला आणि त्याखाली वारा जाईना. चूक उमगताच टॉवेल फेकला, पोटावर व जांघेत पाणी ओतत राहिलो, मुलीने टेबलपंखा लावला. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका, साधे पाणी चालते. मात्र गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी तापलेले असते. उन्हाळ्यात एक बादली सकाळीच भरून सावलीत ठेवावी. कुत्रे शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावे, घशात ओतू नये.

घरात आणखी काय हवे? वेगळा थर्मामीटर आणि व्हॅसलीन, कारण कुत्र्याचे तापमान गुदद्वारात मोजतात. हे काम मोठ्यांनी करावे. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपला ताप त्याचे आरोग्य! १०३.५ पर्यंत उतरले की पाणी थांबवावे, नाहीतर अंग फाजील गार पडते. पशुवैद्याचा फोन क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. अनोळखी कुत्र्याजवळ मात्र एकट्याने जाऊ नका, मोठ्यांना बोलवा.

अर्ध्या तासात मोतीने शेपटी हलवली, तरी आम्ही त्याला रिक्षातून डॉक्टरांकडे नेले. उष्माघाताने मूत्रपिंडांना झालेली इजा कधीकधी एकदोन दिवसांनी दिसते.

तुमच्याकडे कुत्रे असेल तर येत्या रविवारी सकाळी ९ पासून दर तासाला अंगणातल्या सावलीची कड खडूने आखा. दुपारी २ वाजता साखळीची खुंटी कोठे आहे ते पाहा.