कुत्र्याच्या मात्रा किती?

‘पुंडलिकनगर’ या नावाच्या मात्रा मोजा: ‘पुं’च्या २ मात्रा, पुढच्या सहा अक्षरांची एकेक, झाल्या ८. ‘भटका कुत्रा’च्याही ८, कारण ‘त्रा’ या जोडाक्षरामुळे आधीचा ‘कु’ गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो. दोन्ही जोडले की १६ मात्रांची पादाकुलक या मात्रावृत्ताची ओळ तयार! गल्लीतलं कुत्रं फिरून त्याच कोपऱ्यावर येतं, तसं ८-८चं आवर्तन फिरत राहतं. यमक नसलं तरी चालेल, असं आमचं मत. मोठ्या अभंगात मात्र अक्षरं मोजतात: ६, ६, ६, ४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. कवी अरुण कोलटकरांनी मुंबईच्या भटक्या कुत्र्यावर लिहिलेली ‘पाय-डॉग’ ही कविता मात्र यमकाविना, तीन-तीन ओळींच्या कडव्यांत आहे, तीही इंग्रजीत. २००४ साली आलेला ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह तिनेच सुरू होतो.