नासाडीला कायद्याचा पायबंद

अन्न आणि वस्त्र या माणसाच्या मूलभूत गरजा. तथापि खपला नाही एवढ्याच कारणास्तव चांगला माल नष्ट करण्याची प्रथा व्यापारात रूढ झाली. फ्रान्सने तिला कायद्याने पायबंद घातला आहे.

तेथील काही दुकाने शिल्लक अन्न टाकताना, ते कोणी उचलून खाऊ नये म्हणून त्यावर ब्लीच ओतत. २०१६ च्या कायद्याने खाण्याजोगे अन्न असे निकामी करणे दंडनीय ठरले. ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना शिल्लक अन्नासाठी सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक झाले. २०२० च्या कायद्यानुसार, जानेवारी २०२२ पासून न खपलेले कपडे जाळण्यास मनाई असून ते दान करावेत अथवा पुन्हा उपयोगात आणावेत, असा दंडक आहे.

दुकानापर्यंत कायद्याचा हात पोहोचतो. घरातील ताटापर्यंत पोहोचणे मात्र कठीण. युरोपीय संघात वाया जाणाऱ्या अन्नापैकी निम्म्याहून अधिक अन्न घरांतच वाया जाते. म्हणूनच दुकाने, उपाहारगृहे व घरे यांतील दरडोई नासाडी २०३० पर्यंत, २०२१-२३ च्या सरासरीच्या तुलनेत, ३० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन संघाने २०२५ मध्ये सदस्य राष्ट्रांवर घातले. नागरिकांच्या सहकार्याविना ते उद्दिष्ट गाठता येणार नाही.