थंडी आणि विजेची मोटार

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात कडाक्याची थंडी पडली. वीज भरून घेण्यासाठी विजेच्या मोटारींच्या रांगा केंद्रांपुढे लागल्या आणि काही मोटारी तर जागच्या जागी बंद पडल्या. थंडीत बॅटरीतील वीज नाहीशी होते, असा समज अशा प्रसंगांवरून होतो. परंतु तो बरोबर नाही. वीज नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे खर्ची पडते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच मोटारींची परीक्षा घेतली. तपमान उणे ७ अंश सेल्सियसच्या सुमारास असताना तापक बंद ठेवला, तेव्हा मोटारींचा पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. तापक चालू ठेवला, तेव्हा ही घट ४१ टक्क्यांवर गेली. यावरून असे दिसून येते, की घटीचा मोठा भाग प्रवाशांना ऊब देण्यामुळे होतो.

पेट्रोलच्या एंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते व तीच हिवाळ्यात उपयोगी पडते. विजेची मोटार काटकसरी असते. तिच्यात वाया जाणारी उष्णता थोडी. त्यामुळे उबेसाठी बॅटरीलाच हात घालावा लागतो. तापकाला ३ किलोवॉट शक्ती लागते असे धरू. ताशी ९० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटर जाताना तो सुमारे ३.३ किलोवॉट-तास वीज घेईल; ताशी ३० किलोमीटर वेगाने तेवढेच अंतर कापताना मात्र १०. शहरातील गर्दीत पल्ला अधिक आखडतो, तो यामुळेच.

उरलेल्या घटीची कारणे निराळी आहेत. थंडीत बॅटरीतील द्रव दाट होतो, लिथियमच्या आयनांची हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. बाहेरची हवाही अधिक घन होऊन मोटारीला जास्त विरोध करते. गारठलेल्या बॅटरीत वेगाने वीज भरल्यास आत लिथियम धातूचा थर साचून तिला कायमची इजा पोचू शकते. म्हणून नियंत्रक यंत्रणा भरण्याचा वेगच कमी करते. शिकागोतील रांगा लांबल्या, त्याचे हे एक कारण होय.

कारणे कळली की उपायही सुचतात. निघण्यापूर्वी, मोटार विजेच्या जोडणीवर असतानाच, बॅटरी व आतील जागा तापवून घ्यावी. सर्व हवा तापविण्याऐवजी आसने तापवावीत. त्यास फारच थोडी वीज लागते. उष्णतापंप असलेली मोटार बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते व त्यामुळे साध्या तापकापेक्षा कमी विजेत तेवढीच ऊब देते. मात्र थंडी फार वाढल्यास हा लाभ घटतो. बर्फाळ रस्त्यावर मोटार अडकली, तर उरलेली वीज हीच प्रवाशांची शेकोटी असते. म्हणून हिवाळ्यात पल्ल्याचा हिशेब करताना चाकांबरोबर उबेचाही वाटा आधीच बाजूला काढून ठेवावा, हे उत्तम.