इंजिनाचें औषधपाणी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या आमच्या या टापूंत बैलांच्या दावणीपेक्षां इंजिनांची दावण आतां मोठी झाली आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, फटफटी, फवारणीचा पंप यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक खातेदाराच्या दारीं आहे. बैल आजारी पडला तर त्याच्या डोळ्यांवरून व रवंथावरून आम्हांस कळतें. इंजिनाचें दुखणें मात्र आम्हीं अद्याप ओळखावयास शिकलों नाहीं, आणि त्याचा फायदा बाटलीबंद औषधें विकणारे घेतात. बारामतीस वा इंदापुरास सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानीं जावें, तेथें फळीवर दहापांच रंगांच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. पेट्रोलमध्यें ओता, डिझेलमध्यें ओता, ताकद वाढेल, धूर जाईल, इंधन वांचेल! यांतील खरें किती याचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

हा विषय कळंबास परका नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं येथील माळरानावर ऊंसाचे मळे व साखरेचा कारखाना उभा केला, आणि त्याच गृहस्थांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी निघाली. ऊंस आणि मोटार यांची सोयरीक अशी एकाच घरांत जमली होती. आतां ती अधिक जवळची झाली आहे. ऊंसाच्या मळीपासून व रसापासून निघणारें इथेनॉल, म्हणजे निर्जल मद्यार्क, आज आपल्या मोटारींच्या टाकींत पडत आहे. सर्वांत शेवटच्या मळीपासून निघतें तें टनभर ऊंसामागें सुमारें दहा-अकरा लिटर, आणि थेट रसापासून सुमारें सत्तर लिटर. म्हणजे इंधनाचे विक्रेतेही आम्ही आणि गिऱ्हाईकही आम्हीच. अशा स्थितींत आपल्या मालाची स्तुति करणें सोपें. त्याचे दोष सांगणें थोडें कठीण आहे, परंतु तेंच आम्हांस येथें केलें पाहिजे.

प्रथम आमचीच फजिती सांगतों. आमच्या संघाची एक जुनी पेट्रोलची जीपगाडी आहे. एका पावसाळ्यांत ती चार महिने छपराखालीं उभी होती. टाकी निम्मी भरलेली. दसऱ्याच्या सुमारास गाडी काढली तों ती आचके देऊं लागली. चढावर दम तोडी, थांबली कीं पुन्हां चालू होईना. एका दुकानदारानें इंजिन धुणारी बाटली दिली, ती ओतली. गुण आला नाहीं, म्हणून दुसऱ्या जातीची दुसरी ओतली. मग कार्ब्युरेटर खोलविला. तीन आठवडे व बरेच पैसे गेल्यावर एका जुन्या मिस्तरीनें टाकीच्या तळाचें बूच काढून पेला-दोन पेले इंधन कांचेच्या बरणींत घेतलें व उन्हांत धरलें. बरणींत दोन थर स्पष्ट दिसत होते. वरचा पिवळसर, खालचा बोटभर जाडीचा आणि गढूळ. "साहेब, गाडी पाणी पिऊन बसलीय, तिला काढा काय पाजतां?" एवढेंच तो म्हणाला.

हें कसें झालें तें समजून घेण्याजोगें आहे. नुसत्या पेट्रोलमध्यें पाणी मिसळत नाहीं. थेंब पडला तर तो तळाशीं जातो. मद्यार्काचा स्वभाव निराळा. तो पेट्रोलशींही मैत्री करतो व पाण्याशींही, आणि दोहोंत निवड करावयाची वेळ आली तर पाण्याचा पक्ष घेतो. शेंकडा दहा मद्यार्काचें पेट्रोल लिटरमागें सुमारें पांच घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याइतकें पाणी पोटांत घेऊन निमूट राहतें. त्याहून अधिक झालें, किंवा रात्रीं गारवा पडला, कीं मद्यार्क पाण्याला हातीं धरून खालीं उतरतो. वर उरलेल्या पेट्रोलची प्रत घसरते, आणि इंजिनाची नळी नेमकी तळांतून इंधन ओढते. अर्धी रिकामी टाकी, सैल झांकण व दमट हवा हीं या रोगाचीं कारणें होत. एकदां थर वेगळे झाले कीं कोणत्याही बाटलीनें ते पुन्हां एकजीव होत नाहींत. टाकी रिती करणें हाच उपाय.

मद्यार्काचा दुसरा गुण असा कीं, तो उत्तम धुणारा आहे. जुन्या टाकींत वर्षानुवर्षें बसलेला गंज व राळ तो सोडवितो आणि तो सारा कचरा गाळणींत येऊन बसतो. म्हणून नव्या मिश्रणावर चालूं लागलेल्या जुन्या गाडीची गाळणी पहिल्या एक-दोन महिन्यांत लवकर बदलावी. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात वा तडकतात. त्या बोटांनीं दाबून पाहाव्या व मद्यार्कास टिकणाऱ्या घालाव्या. नळी गळून आग लागण्यापेक्षां हा खर्च फार थोडा.

इंधन अधिक लागतें ही सभासदांची तक्रारही खोटी नाहीं. लिटरभर मद्यार्कांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता असते. नीति आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतच असें नमूद आहे कीं, शेंकडा वीस मिश्रणावर जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांचें अंतर शेंकडा सहा ते सात व दुचाकींचें तीन ते चार घटेल. त्या मिश्रणासाठीं जुळविलेल्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्केच राहील. उलट बाजूस, मद्यार्कानें पेट्रोलची ठोके न देतां जळण्याची शक्ति वाढते. हें काम पूर्वीं शिशाचें एक संयुग करीत असे. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यांनीं त्याचा हा गुण शोधला, आणि पुढें कित्येक दशकें जगानें तें विष धुरावाटे हुंगलें. आपल्याकडे २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल सुरू झालें. इंधनांत मिसळण्याच्या द्रव्यांचा इतिहास असा आहे. गुण दिसला म्हणून द्रव्य निरुपद्रवी ठरत नाहीं.

मग बाजारांतील बाटल्या सर्वच फोल काय? तसेंही नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत फवाऱ्याच्या तोंडाशीं व झडपांच्या पाठीवर चिकट काजळी बसते, आणि पॉलिइथर अमाइन नांवाचें द्रव्य ती हळूहळू खरोखर सोडवितें. बाटलीवर घटकांत तें नांव असेल तर पांच-सात हजार मैलांनंतर एखादी बाटली वापरण्यास आमची हरकत नाहीं. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरांत उडतें, त्यांच्या झडपांवर इंधन पडतच नाहीं, तेव्हां तेथील काजळीस हें औषध पोंचणार नाहीं. झिजलेल्या रिंगा, जळलेली झडप, ढिली झालेली साखळी यांवर तर कोणतीही बाटली चालत नाहीं. रोग ओळखण्यास प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग असेल तर प्रकृति ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. ओला तेलकट असेल तर तेल वर चढत आहे. एवढी परीक्षा ज्यास आली त्याच्या निम्म्या बाटल्या वांचतील.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. पेट्रोलमध्यें डांबरगोळ्या टाकण्याची खोड कांहीं तरुणांत आहे. पेट्रोल उडून गेलें कीं त्या गोळ्यांचे खडे जेटच्या बारीक भोकांत जमतात. जेट तारेनें टोंचूं नये, भोंक मोठें होतें, हवेनें फुंकावें. रॉकेल मिसळल्यानें इंजिन ठोके देतें व पिस्टन तापतो. याहून घातक अशी एक गोष्ट अलीकडे आमच्या कानीं आली. नव्या डिझेल मालमोटारींत व कांहीं गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचें द्रावण लागतें. त्यांत शेंकडा साडेबत्तीस युरिया व बाकीचें शुद्ध पाणी असतें. हें ऐकून एका शहाण्यानें खताच्या गोणींतील युरिया विहिरीच्या पाण्यांत विरघळवून टाकींत ओतला! २०१५ पासून खताच्या युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि विहिरीच्या पाण्यांत क्षार. दोन्हींनीं ती महागडी यंत्रणा कायमची निकामी होते. खत शेताला घालावें.

आतां ट्रॅक्टराकडे वळूं, कारण आमच्या सभासदांचा खरा जीव तेथें अडकलेला असतो. तोडणी चालू आहे, ट्रॉली भरून उभी आहे, आणि ट्रॅक्टर रस्त्यांत बंद. तोडलेला ऊंस वाळतो, वजन घटतें, टोळीचा दिवस बुडतो. अशा वेळीं दहांतून आठ वेळां दोष डिझेलांतील पाण्याचा, धुळीचा किंवा हवेचा असतो, असा आमचा अनुभव आहे. नोझलची सुई व तिचें घर यांमधील अंतर दोन-चार मायक्रॉन, म्हणजे केंसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. आपण धोतराच्या फडक्यानें डिझेल गाळतों तेव्हां खडे अडतात, परंतु सुईला खाणारी धूळ निमूट पार होते. उपाय सोपा आहे. पिंप थोडें कलतें ठेवावें, आणल्यावर दिवसभर निवळूं द्यावें, व ओढण्याची नळी तळापासून वीतभर वर राखावी. डिझेल जस्ताच्या मुलाम्याच्या भांड्यांत साठवूं नये. जस्त विरघळून फिल्टरांत चिकट साका धरतो. टाकी संध्याकाळीं काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकींत रात्रीं दंव धरतें, भरलेलींत त्यास जागा राहत नाहीं. झांकण उघडण्यापूर्वीं भोंवतालची माती पुसावी, ही गोष्ट लहान दिसते. पण पुष्कळ पंप याच हयगयीनें गेले आहेत.

फिल्टरच्या तळाचा खिळा सैल करून आठवड्यांतून एकदां पाणी सोडावें. फिल्टर बदलल्यावर हातपंपानें हवा पूर्ण काढावी. बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत खिळा आवळूं नये. तेलाच्या हवागाळणींतील तेल पाचट-धुळीच्या दिवसांत वरचेवर पाहावें. तें चिखलासारखें घट्ट झालें असेल तर इंजिन गुदमरतें, काळा धूर सोडतें, आणि मालक धूर घालविण्याची बाटली आणावयास धांवतो. कागदी गाळणी असेल तर ती आंतून बाहेर, हलक्या दाबानें फुंकावी. जमिनीवर आपटूं नये.

ज्या सभासदांस आपल्या इंधनाविषयीं शंका असेल त्यांनीं टाकीच्या तळाचें थोडें इंधन स्वच्छ कांचेच्या लहान बाटलींत घट्ट बूच लावून, विस्तवापासून दूर ठेवून, बाजाराच्या दिवशीं आमच्या कार्यालयांत आणावें. जीपगाडीची टाकी उघडणारा तो मिस्तरी त्या दिवशीं सकाळीं दहापर्यंत तेथें बसतो, व पाहण्याचे पैसे घेत नाहीं.