व्हिडिओ टाकला म्हणजे कोर्स झाला काय?

सध्या जो तो ऑनलाइन कोर्सच्या मागे लागला आहे. तज्ज्ञांचं तासाभराचं भाषण कॅमेऱ्यात घ्यायचं, खाली दहा प्रश्न जोडायचे, शेवटी प्रमाणपत्र. झाला अभ्यासक्रम! गावात बसून शिकता येतं ही सोय मोठीच आहे, पण असा कोर्स चांगला उतरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

सुरक्षित फवारणीचाच विषय घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. या विषयावर मोबाइलवर कोर्स काढायचा ठरला, तर पहिला प्रश्न हाच की तो कोणासाठी? पंप पुष्कळदा मजुराच्या पाठीवर असतो आणि मोबाइल मालकाच्या पोराच्या खिशात! मग मजुरानं शिकायचं कसं? त्यात भाषा 'वैयक्तिक संरक्षक साधनांचा अवलंब करावा' अशी असली की संपलंच. हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे असं सरळ सांगा ना. आणि ऑगस्टच्या उकाड्यात हे सगळं दिवसभर अंगावर राहत नाही, हेही कोर्स करणाऱ्याला ठाऊक हवं. सकाळी आणि ऊन उतरल्यावर काम, मधे पाळीपाळीनं विसावा, असा मार्ग त्यानं दाखवला पाहिजे. नाहीतर ऐकणारा मान डोलावतो आणि शेतात जाऊन उघड्या अंगानं फवारतो.

खरी अडचण प्रश्न काढताना येते. 'डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो?' लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे पाठ करून कोणीही शंभर गुण मिळवील. त्यापेक्षा असं विचारा: वारा पश्चिमेकडून आहे, कपाशी छातीला लागली आहे, तर फवारणी कोणत्या कडेपासून सुरू कराल? उत्तर पूर्वेच्या. मग वाऱ्याला आडवं चालत, ओळीमागून ओळ पश्चिमेकडे सरकायचं, म्हणजे औषध मागं जातं आणि ओल्या झाडांतून चालावं लागत नाही. उत्तर चुकलं, तर नुसती लाल फुली नको, कारण सांगा. असा एक प्रश्न काढायला शेताची माहिती असलेला माणूस लागतो, वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी नेमकी इथेच काटकसर होते.

व्हिडिओ लांबवण्याचाही मोह आवरावा. एडएक्स या संस्थेच्या कोर्सवरील २०१४ च्या अभ्यासात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक नीट पाहतात असं दिसलं. तिथे तर शिकायलाच बसलेली मंडळी होती. दिवसभर राबून आलेल्या माणसाचं काय सांगावं!

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर कोर्सचे चार भाग ठरवले आहेत: व्हिडिओ, वाचन, स्वतःची चाचणी आणि चर्चा. पहिले तीन पैसे मोजून होतात. चौथ्याला जिता माणूस लागतो. आपल्याकडे हे नवं नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ ग्रामीण मंडळं चालवली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आपल्या शंका केंद्राला कळवत. आज हातात रेडिओपेक्षा कितीतरी भारी यंत्र आहे, पण 'दोन औषधं एकत्र केली तर चालतील का?' असं कोणी रात्री विचारलं, तर उत्तर द्यायला कोण बसलंय? जगभर अशा खुल्या कोर्सना नाव घालणाऱ्यांपैकी पुष्कळदा दहा टक्केसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाहीत. त्यात नवल ते काय?

ग्रामपंचायतीच्या, कृषी खात्याच्या मंडळींनी असा कोर्स हाती घेतला, तर मे महिन्यातच चार मजुरांना बसवून तो दाखवावा. कुठे अडतात ते पाहावं आणि तिथे बदल करावा. मजुरांसाठी ग्रामपंचायतीतच एकत्र बसून पाहायची सोय करावी. आणि प्रमाणपत्राच्या आधी एक तुकडा हवाच: विषबाधा झाली तर कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांकडे सोबत न्या. हा तुकडा नेटवर्क नसतानाही उघडला पाहिजे.