तीन लाख अक्षरांची मजुरी

खानदेशातल्या धरणगावात एकेकाळी हातकागद होत असे. इंग्रजांनी १६७४ मध्ये इथे वखार घातली, असं हे नावाजलेल्या पेठेचं गाव. कागद आणि कापड ही त्याची जुनी ओळख. पुढे ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरात नोंद झाली ती कागदाचा धंदा पार बुडाल्याची. कारखान्याचा कागद स्वस्त मिळू लागला की हातकागदाचं कौतुक किती दिवस करणार?

महाराष्ट्रातल्याच बेने इस्रायलांच्या धर्मग्रंथाला मात्र यंत्र शिवू शकलं नाही. हे कोकणातले ज्यू. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. छापखान्याशी त्यांचं वैर नव्हतंच. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत, चित्रांसह छापून निघाली. पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, वाचायचा सेफेर तोरा हा धर्मग्रंथ छापील चालत नाही. तो हातानेच लिहायचा.

तोही कागदावर नाही. खायला विहित असलेल्या जनावराचं कमावलेलं कातडं, त्यावर आखलेल्या रेघा, पिसाचा किंवा बोरूचा टाक. शाई साधारण मायफळ, डिंक आणि हिराकस यांची. म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलंच सामान. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. ग्रंथ तोंडपाठ असला तरी त्याने समोरच्या प्रतीत पाहूनच लिहायचं. अक्षर चुकलं तर खरवडून दुरुस्त करता येतं, देवाचं नाव मात्र खोडता येत नाही. तिथे हात चुकला तर ते पान बाद. तेही फेकायचं नाही, पुरायचं. लिहिलेली कातडी जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवतात.

एकूण अक्षरं ३,०४,८०५. ती वर्षभरात लिहायची तर कामाचे तीनशे दिवस धरले तरी रोज हजार अक्षरं होतात. आज अशा ग्रंथाला तीस लाख रुपये सहज पडतात, नामांकित हात असेल तर त्याहून बरेच जास्त. ऐकून डोळे विस्फारतात. पण हिशेब करा: अक्षरामागे दहा रुपये. त्यातच कातडं, शाई, तपासणी. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर नाव घालणारा पेंटरही एवढ्यात टाक उचलणार नाही.

ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाची, म्हणजे नळीत ठेवलेल्या हस्तलिखित धर्मवचनांची, गंमत वेगळी. चांदीची नक्षीदार नळी पाहून गिऱ्हाईक भाव विचारतं, खरं मोल आतल्या गुंडाळीचं. बावीस ओळी, ७१३ अक्षरं. इथे क्रमाने लिहायचा दंडक असल्याने मागचं चुकलेलं अक्षर पुढचं लिहून झाल्यावर सुधारता येत नाही. स्वस्तात मिळते ती छापील चिठ्ठी. नळी कितीही भारी असली तरी धर्माच्या लेखी ते दार रिकामंच.

पैसे मोजले म्हणजे ग्रंथ हाती येई असंही नाही. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. भिंती उभ्या करायला गवंडी मुंबईत होते. सेफेर तोरासाठी दिवेकर कोचीनच्या ज्यूंकडे गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.